होलदेवच्या गावाला

वाचकहो, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की जालना, परतूर, सेलू, मानवत रोड अशी स्टेशने मागे टाकीत गाडी परभणीला येते. वाटेत खिडकीतून दिसते ती काळी रेगाड जमीन. पावसाळ्यात ती पायातली चप्पल ओढून घेते आणि उन्हाळ्यात तिला हात मावेल एवढ्या भेगा पडतात. उत्तरेला जिंतूरच्या अंगाने अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला गंगाखेडच्या पुढे बालाघाट आणि मधून वाहणारी गोदावरी. पूर्णा आणि दुधना याही नद्या याच जिल्ह्यातल्या. नाव दुधना असले तरी जिल्हा दुधाचा म्हणून कधी ओळखला गेला नाही. परभणी ओळखली जाते कापसाने, ज्वारीने आणि अलीकडे सोयाबीनने.

पाहुणा आला की परभणीकर त्याला तुराबुल हक शाह यांच्या उरुसाची गोष्ट सांगतो, गंगाखेडच्या संत जनाबाईंचे नाव घेतो. शेतकरी पाहुणा असेल तर 'परभणी क्रांती' भेंडी आणि 'परभणी मोती' ज्वारी यांची आठवण काढतो. ही वाणे इथल्या कृषी विद्यापीठाची. पण त्याच विद्यापीठाच्या गोठ्यात तयार झालेल्या एका गायीचे नाव फारसे कोणी घेत नाही. तिचे नाव होलदेव. आज तुम्हाला घेऊन जायचे आहे ते तिच्या गावाला, आणि तिथून पुढे तिच्या आजोळालाही.

विद्यापीठ परभणीलाच हवे, म्हणून इथल्या लोकांनी आंदोलन केले होते. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. साल नीट बघा. १९७२ म्हणजे दुष्काळाचे साल. खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली माणसे अजून घराघरांत आहेत. त्या साली माणसे कशीबशी जगली, पण दावणी रिकाम्या झाल्या. त्यामुळे नव्या विद्यापीठापुढे पिकांच्या प्रश्नाबरोबर जनावरांचाही प्रश्न उभा होता. इथले पशुवैद्यक महाविद्यालयही त्याच काळातले. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे.

देशात तेव्हा संकरित गायींचे वारे जोरात होते. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला 'बाएफ' ही संस्था काढली आणि विदेशी वळूंचे गोठवलेले वीर्य खेड्यापाड्यांत पोचवायला सुरुवात केली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांची 'फुले त्रिवेणी' तयार केली. परभणीच्या संकरित गो-पैदास प्रकल्पाने आपल्या मातीतली देवणी घेतली आणि तिला होल्स्टिन फ्रिजियनचे रेतन केले. होल्स्टिनचा 'होल' आणि देवणीचा 'देव' मिळून झाली होलदेव. नाव मोठे गोड आहे. असली नावे ठेवायला शास्त्रज्ञांना सहसा जमत नाही, इथे जमले एवढे खरे.

आता या होलदेवचा हिशेब आपण आण्यांत करू. टक्केवारी पुस्तकांसाठी ठीक, पण आपल्या आजोबांना आणे चांगले समजत. सोळा आणे म्हणजे पूर्ण रुपया. देवणी गाय सोळा आणे देवणी, होल्स्टिनचा वळू सोळा आणे होल्स्टिन. दोघांचे वासरू प्रत्येकाकडून निम्मे रक्त घेते, म्हणून होलदेव आठ आणे विदेशी आणि आठ आणे देशी.

ही पहिली पिढी फार चांगली निघते. देवणीचे एका वेताचे सरासरी दूध साडेआठशे-नऊशे लिटरच्या घरात आहे, आणि तिची कालवड पहिल्यांदा विते तोवर चार वर्षांच्या आसपास उलटलेली असतात. संकरित कालवड चांगल्या सांभाळात तिसऱ्या वर्षाच्या सुमारास विते, दूध देवणीच्या कितीतरी वर जाते आणि भाकड काळ कमी होतो. शिवाय पहिल्या पिढीत आणखी एक गुण असतो. आईबापांच्या गुणांची नुसती सरासरी न राहता वासरू त्याहून थोडे सरस निघते. अंगात जोम असतो, गाभण लवकर राहते, आजाराला टिकते. त्याला संकरजोम म्हणतात.

हा जोम तुम्हाला नवा नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून संकर-४ कापूस आला. पहिल्या साली रान कसे डवरले होते, ते म्हाताऱ्यांना विचारा. आणि त्याच कणसाचे बी राखून दुसऱ्या साली पेरले तेव्हा काय झाले, तेही विचारा. एक ताट उंच, एक बुटके, एक लवकर निसवलेले, एक मागे राहिलेले. तेव्हापासून गावातले शेंबडे पोरही सांगते, की हायब्रीडचे बी पुन्हा पेरायचे नसते.

मग हाच नियम गोठ्यात का विसरतो आपण? होलदेवसारख्या संकरित गायीला गल्लीतला कोणताही संकरित वळू दाखवला, तर होणारे वासरू हिशेबाने आठ आणेच असते. पण जोम निम्मा उतरतो आणि गुण पांगतात. दोन बहिणींतली एक आजीवर जाते आणि दोन लिटरवर थांबते. दुसरी विदेशी आजोबावर जाऊन उन्हात धापा टाकीत बसते. गायीत ज्वारीइतका फरक पडत नाही, कारण ज्वारीच्या बियाण्याचे आईबाप जसे अगदी एकजिनसी केलेले असतात तसे जनावरांत नसते. पण दिशा तीच. पहिली पिढी पाहून हुरळलेला शेतकरी तिसऱ्या पिढीला "संकरित गाय आमच्याकडे चालत नाही" म्हणतो, तेव्हा दोष गायीचा नसतो. पहिली गाय करणे सोपे असते, तिच्या पोटी पुढे काय घालायचे हे मात्र बहुतेक गोठ्यांत कोणी ठरवलेलेच नसते.

दुसरी वाट याच्या उलट. दूध वाढले ना, मग पुन्हा होल्स्टिनच भरवा! त्याने आठचे बारा आणे होतात, पुढच्या खेपेला चौदा. कागदावर दूध वाढत जाते. पण परभणीच्या गोठ्यात ते बारा आणे कसे उभे राहतात, ते मे महिन्यात येऊन पाहा. पारा ४२-४३ अंशांवर. होल्स्टिन ही मूळ हॉलंड आणि उत्तर जर्मनीकडची गाय. आपल्याला ज्या हवेत स्वेटर लागतो त्या हवेत ती खुशीत असते, आणि पारा पंचविशीच्या पुढे गेला की खाणे कमी करू लागते. देशी गायीला वशिंड आहे, गळ्याला लोंबती पोळी आहे, सैल कातडी आहे, घामाच्या ग्रंथी अधिक आहेत. ती अंगातली उष्णता बाहेर टाकते आणि रवंथ करीत बसते. बारा आणेवाली उभी राहून धापा टाकते, तोंडाला फेस आणते, माज दाखवीत नाही, दाखवलाच तर गाभण राहत नाही. त्यात गोचीड. गोचिडाचा ताप देशी जनावर बहुधा पचवते, विदेशी रक्त जास्त असलेले जनावर मात्र हां हां म्हणता हातचे जाते. पंखे, फवारे, रबरी चटया, दारात डॉक्टर असे सगळे ज्याच्याकडे आहे त्याने बारा आणे जरूर पाळावेत. पत्र्याच्या छपराखाली ते पाळणे म्हणजे गायीचेही हाल आणि मालकाचेही.

वैरणीचे गणित तर त्याहून कठीण आहे. चारशे किलोची दुभती संकरित गाय दर शंभर किलो वजनामागे सुमारे तीन किलो कोरडा चारा-खुराक खाते. दिवसाला बारा किलो, वर्षाला जवळजवळ साडेचार टन. दर अडीच-तीन लिटर दुधामागे किलोभर आंबोण वेगळे लागते, ते याच बारा किलोंत धरा. सव्वातीनशे किलोच्या देशी गायीचे सात-आठ किलोंत भागते. आता परभणीच्या रानात बघा. पूर्वी खरिपात संकरित ज्वारी असे, रब्बीत शाळू असे, आणि कडब्याच्या गंजी घरापेक्षा उंच असत. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. पैसा आला, नाही असे नाही, पण गंज गेली. सोयाबीनचे भुसकट कडब्याची बरोबरी करू शकत नाही, आणि कापसाच्या पऱ्हाट्या चुलीला उपयोगी. माझ्या मते मराठवाड्यात दुधाचा धंदा बसला, की लोक जातीला नाव ठेवतात, खरे तर बसतो तो कडब्यावाचून. विदर्भात २००६ च्या सुमारास मदत योजनांतून दुभत्या गायी वाटल्या गेल्या. चारा-पाण्याची सोय नसलेल्या अनेक घरांना त्या पोसवल्या नाहीत, आणि कर्ज मात्र मागे राहिले. संकरित गाय घेण्याआधी तिच्या नावाने दहा गुंठे हिरवी वैरण लावलेली नसेल, तर व्यवहार पुढच्या वर्षावर ढकललेला बरा.

असो. परभणीत फार रेंगाळलो. आता गंगाखेडची वाट धरू. गोदावरीचा घाट मागे पडला, की जमीन हलकी होत जाते, माळ आणि टेकाडे लागतात. गंगाखेड, पालम आणि पुढे नांदेड जिल्ह्यातले लोहा, कंधार हा सगळा पट्टा लाल कंधारीचा. या भागात गर्द लाल रंगाची, काळ्याभोर डोळ्यांची, आटोपशीर अंगाची गाय दिसली की ती हीच. वळू तर लालाचा काळसर होईपर्यंत गर्द. लोक तिला लाखलबुंदा असेही म्हणतात. कंधारच्या राजा सोमदेवरायाने ही जात सांभाळली, असे इकडे परंपरेने सांगतात. दक्षिणेला लातूर जिल्ह्यात उदगीर-देवणीकडे उतरलात, की देवणीचा मुलूख लागतो. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, निखळ पांढरा तो बाळंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके तो शेवेरा. होलदेवचे आजोळ ते इथे.

ही जनावरे एका जागी पाहायची असतील, तर मार्गशीर्ष वद्यात लोह्याजवळ माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जा, किंवा उदगीर तालुक्यात हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजाराला जा. माळेगावला घोडे येतात, गाढवे येतात, तमाशाचे फड येतात. पण आपण बघायचे ते जनावरांचे प्रदर्शन. लाल कंधारीचा वळू तिथे उभा असतो, अंगाला तेल लावून चकाकणारा. मालक त्याचे वशिंड दाखवील, चाल दाखवील, खूर दाखवील. त्याला एक प्रश्न मुद्दाम विचारा, "याची आई किती दूध देते?" बहुधा तो हसून म्हणेल, "वासराला पुरून घरापुरतं होतंय की."

यात त्याची चूक नाही. पिढ्यान्‌पिढ्या या जनावरांची निवड झाली ती नांगरासाठी. ज्याचा खांदा भक्कम, पाय सरळ, उन्हात दुपारपर्यंत औत ओढणारा, त्या बैलाचा बाप गावात वळू म्हणून राहिला. दूध कोणी मोजलेच नाही. म्हणून लाल कंधारीच्या एका वेताचे सरासरी दूध सहाशे लिटरच्या आसपास राहिले. पण ही सरासरी आहे, बरे का. त्याच कळपात एखादी गाय दोन्ही वेळचे मिळून पाच-सहा लिटर देणारी निघते. तिची कालवड आणि तिचा गोऱ्हा यांना जपले, तर जात तीच राहून दूध वाढू शकते. ते जपणे म्हणजेच निवड पैदास. त्याला परदेशी नळी लागत नाही, वही-पेन्सिल लागते.

देवणीचेच पाहा ना. तिला आपण शुद्ध देशी म्हणतो. पण तिच्यात गीर, डांगी आणि इथल्या गावरान जनावरांचे रक्त मिसळले आहे, असे पशुशास्त्राची पुस्तके सांगतात. तीही एके काळची संकरितच. मिसळ झाल्यावर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हवे तेच जनावर पुढे ठेवले, नको ते मागे सारले, आणि तिची एक जात झाली. संकर एका रेतनात होतो, जात व्हायला मात्र चार-सहा पिढ्यांची निवड लागते.

सातासमुद्रापार ब्राझीलमध्ये लोकांनी हेच केले. गुजरातेतले गीर वळू आणि गायी त्यांनी नेल्या, पिढ्यान्‌पिढ्या दुधाच्या नोंदी ठेवल्या आणि गीरचे दूध वाढवले. मग तिचा होल्स्टिनशी संकर करून दहा आणे होल्स्टिन आणि सहा आणे गीर अशी 'गिरोलांडो' नावाची जात बांधली. आपल्या लष्करी दुग्धशाळांनीही याच दहा आणे प्रमाणात होल्स्टिन आणि साहिवाल मिळून 'फ्रिजवाल' तयार केली. गरम मुलुखात आठ ते दहा आणे विदेशी रक्त साधारण मानवते, हा अनुभव दोन्ही गोलार्धांत सारखाच आला आहे. परभणीची होलदेव त्याच मापात बसते.

एक गोष्ट मात्र गिरोलांडोवाल्यांनी कधी सोडली नाही. त्यांनी शुद्ध गीर मोडीत काढली नाही. कारण उघड आहे. आठ आण्यांची गाय करायची, तर एका बाजूला सोळा आणे देशी गाय असावीच लागते. आज मराठवाड्यातल्या प्रत्येक देवणीला आणि लाल कंधारीला होल्स्टिन भरवली, तर दहा-पंधरा वर्षांनी पुढची होलदेव कशातून करणार? लाल कंधारीचा मुलूख आधीच लहान, वळू थोडे. म्हणून राज्याचे पैदास धोरणही मान्यताप्राप्त देशी जातींच्या गायींना त्यांच्याच जातीचा वळू द्या आणि जात नसलेल्या गावरान गायींवर संकर करा, असेच सांगते. तुमच्या दावणीला खरीखुरी लाल कंधारी असेल, तर तिला संकरित करण्याची घाई करू नका. तशी गाय बाजारात सहज मिळत नाही. शेजारच्या दारातली बिनजातीची गावरान गाय संकरासाठी जास्त योग्य.

आता वळूविषयी. वळू दूध देत नाही, मग त्याच्यातले दूध ओळखायचे कसे? आईचे दूध बघतात, पण तेवढ्याने भागत नाही. आईला कोणी सरकी आणि लसूणघास चारून वीस लिटर काढले असतील, तर त्यात रक्ताचा भाग किती आणि खुराकाचा किती? खरी पारख लेकींवरून होते. एका वळूच्या पुष्कळ लेकी, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या सांभाळात, किती दूध देतात हे मोजायचे आणि मग वळूचा निकाल लावायचा. यात वळूचे वय सहा-सात वर्षांवर जाते. मोठे चिकाटीचे काम. आता याला एक आडवाट निघाली आहे. वासराचे रक्त किंवा केस तपासून त्याच्या जनुकांवरून अंदाज बांधता येतो. आपल्या देशातल्या गायींसाठी केलेली अशी 'गौचिप' ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. पण ही चिप काही देवऋषी नव्हे. हजारो गायींच्या दुधाच्या खऱ्या नोंदी तिच्यामागे असतील, तेवढीच ती शहाणी. दूध मोजायला माणूस दारात आला, की "नजर लागते" म्हणून त्याला परत पाठवू नका.

गावच्या वळूची दुसरी अडचण नात्याची. एकच वळू पाच-सहा वर्षे गावात राहिला, की तो आपल्याच लेकींना भरतो. आपण सोयरीक करताना चार पिढ्यांचे गोत्र पाहतो, आणि गोठ्यात बापलेकीची गाठ पडते ते पाहत नाही! त्यातून वासरे खुजी निघतात, मरतूक वाढते, गायी उलटतात. गोठवलेल्या वीर्याच्या नळीने ही अडचण सुटते. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ती वर्षानुवर्षे टिकते. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरजवळचे हर्सूल इथल्या प्रयोगशाळांतून राज्याच्या नळ्या येतात. हे काम महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ पाहते.

आता हे सगळे तुमच्या दारात कसे यावे? गायीचा माज सर्वांत आधी कळतो तो घरच्या बायकांना. पहाटे शेण काढताना गाय हंबरते, दुसऱ्या गायीवर उडते, सोट टाकते, धार चोरते, हे त्यांच्याच नजरेला पडते. म्हणून नळी कोणती भरायची याची चर्चा करताना त्यांना बाजूला ठेवू नका. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. नाहीतर एकवीस दिवस वाट पाहणे आले, आणि एकवीस दिवसांची वैरण फुकट.

आणि रेतन करायला आलेल्याला "कोणती पण भरा" असे म्हणू नका. लाल कंधारी असेल तर लाल कंधारीची नळी मागा, देवणी असेल तर देवणीची. त्याच्याजवळ नसेल तर पुढच्या माजाला आणायला आधीच सांगून ठेवा. बिनजातीची गावरान असेल आणि हिरवी वैरण असेल, तर होल्स्टिन. वैरण बेताची असेल, तर जर्सी. जर्सी अंगाने लहान, खाते कमी, आणि दुधाला फॅट चांगली. आठ आणे गाय आधीच असेल, तर पारखलेल्या संकरित वळूची नळी, म्हणजे रक्त आठ-दहा आण्यांवर राहील. तपासलेला संकरित वळू वेगळा आणि गल्लीतला संकरित वळू वेगळा, ही गफलत करू नका.

गोऱ्ह्याचा प्रश्न राहिलाच. देवणीचा खोंड हाळीच्या बाजारात मान ताठ करून उभा राहतो. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नावापुरते, त्यामुळे जू नीट बसत नाही, आणि उन्हात तो लवकर दमतो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरजही घटली. २०१५ च्या कायद्याने राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हणजे जन्मलेला गोऱ्हा कोणीतरी पोसायचाच. म्हणून आता लिंग-निवडीच्या नळ्या आल्या आहेत. मादी वासरू देणाऱ्या शुक्राणूत आनुवंशिक द्रव्य जवळजवळ चार टक्के जास्त असते. त्या फरकावरून यंत्र ते वेगळे काढते, आणि शंभरातली नव्वदच्या आसपास वासरे कालवडी होतात. मात्र या नळीत शुक्राणू कमी असतात, गाभण राहण्याचे प्रमाण थोडे उतरते. ती निरोगी, वयात आलेल्या कालवडीला किंवा धडधाकट गायीला भरावी. दोन-तीनदा उलटलेल्या गायीवर ती वाया घालवू नये. ज्या घरी बैलजोडी अजून लागते आणि दारात देवणी आहे, त्यांनी या नळीच्या मागे लागायचे कारण नाही. चांगला देवणी गोऱ्हा तिथे कालवडीइतकाच मोलाचा.

रेतन झाले की रिकामी नळी उकिरड्यावर टाकू देऊ नका. तिच्यावर वळूचा क्रमांक आणि जात छापलेली असते. ती मागून घ्या, भिंतीवरच्या कॅलेंडरला त्या दिवसाच्या चौकटीवर टाचा आणि खाली गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहा. शाळेत जाणारी मुलगी घरात असेल तर हे काम तिच्याकडे द्या. कालवड झाली, मोठी झाली, माजावर आली, की तिचा बाप कोण हे त्या कॅलेंडरावरून सांगता येईल. म्हणून वर्ष संपल्यावर ते कॅलेंडर चुलीत घालू नका. गुंडाळून माळ्यावर ठेवा.